सिझेरियनच्या व्रणात रुजलेला गर्भ : शस्त्रक्रियेचे पर्याय कोणते?

सिझेरियन ही आता अपवादाने होणारी शस्त्रक्रिया राहिलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या तिसऱ्या फेरीत, म्हणजे २००५-०६ मध्ये, देशातील सुमारे साडेआठ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली होती. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हे प्रमाण साडेएकवीस टक्क्यांवर पोहोचले. महाराष्ट्रात ते पंचवीस टक्क्यांच्या आणि गोव्यात एकोणचाळीस टक्क्यांच्या पुढे होते. खासगी रुग्णालयांपुरते पाहिले तर देशातील जवळजवळ निम्मी बाळंतपणे या मार्गाने झाल्याचे त्याच पाहणीत आढळले. योग्य कारणासाठी आणि योग्य वेळी केलेले सिझेरियन आई व बाळ दोघांचेही प्राण वाचवते, याबद्दल दुमत नाही. मात्र या शस्त्रक्रियेची एक खूण कायमची मागे राहते. पोटावरची जखम काही दिवसांत भरून येते. गर्भाशयाच्या भिंतीवरचा व्रण मात्र आयुष्यभर सोबत करतो आणि पुढच्या गर्भधारणेत क्वचित तोच व्रण संकटाचे कारण ठरतो.

या संकटाचे नाव आहे सिझेरियनच्या व्रणातील गर्भधारणा. साधारण दोन हजार गर्भधारणांमागे एक, असे तिचे प्रमाण काही रुग्णालयांच्या नोंदींवरून सांगितले जाते. हा आकडा लहान वाटला तरी सिझेरियनची संख्या जसजशी वाढते, तसतशा अशा गर्भधारणाही वाढणार हे उघड आहे. वेळेवर ओळख पटली, तर आज यावर चांगले उपचार उपलब्ध आहेत आणि बहुतेक स्त्रियांचे गर्भाशय वाचवता येते. ओळख पटली नाही आणि नेहमीचा गर्भपात समजून उपचार केले गेले, तर काही मिनिटांत प्राणावर बेतू शकते. म्हणूनच या विकाराची आणि त्यावरील शस्त्रक्रियांची माहिती सिझेरियन झालेल्या प्रत्येक स्त्रीला आणि तिच्या कुटुंबीयांना असणे आवश्यक आहे.

गर्भ व्रणात रुजतो म्हणजे काय?

निरोगी गर्भधारणेत गर्भ गर्भाशयाच्या पोकळीत, वरच्या भागात, आतल्या मऊ अस्तरात रुजतो. या अस्तराच्या मागे स्नायूंची जाड भिंत असते. बाळंतपणानंतर हेच स्नायू घट्ट आवळले जातात, रक्तवाहिन्यांची तोंडे दाबली जातात आणि रक्तस्राव थांबतो. निसर्गाने केलेली ही व्यवस्था मोठी कार्यक्षम आहे.

सिझेरियनमध्ये गर्भाशयाच्या खालच्या भागात, मूत्राशयाच्या अगदी मागे, आडवा छेद घेतला जातो. हा छेद शिवल्यानंतर बहुतेक स्त्रियांमध्ये तो चांगला भरून येतो. काहींमध्ये मात्र तेथील स्नायू पूर्णपणे जुळत नाहीत आणि आतल्या बाजूला लहानशी खाच राहते. पुढच्या वेळी गर्भ याच खाचेत किंवा व्रणातील सूक्ष्म फटीत शिरून रुजला, तर त्याच्याभोवती स्नायूंचे पुरेसे आवरण नसते. तेथे असतात ते तंतुमय, पातळ पेशीजाल आणि पलीकडे लगेच मूत्राशय. अशा जागी रुजलेल्या गर्भाची वार खोलवर मुळे धरते. ती सुटली किंवा ओढून काढली गेली, की उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्यांना आवळून धरायला तेथे स्नायूच नसतात. या विकारातील सर्वात मोठ्या धोक्याचे मूळ या एका गोष्टीत आहे.

वैद्यकीय साहित्यात अशा गर्भधारणेची पहिली नोंद १९७८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील लार्सन आणि सॉलोमन या डॉक्टरांनी केली. गर्भपातानंतर झालेल्या अनाकलनीय रक्तस्रावाचे ते कारण निघाले होते. पुढे योनीमार्गातून केल्या जाणाऱ्या सोनोग्राफीचा प्रसार झाला आणि पूर्वी न ओळखता येणारे रुग्ण लक्षात येऊ लागले. २००० मध्ये या गर्भधारणेचे दोन प्रकार मांडण्यात आले. पहिल्या प्रकारात गर्भ व्रणावर रुजतो, पण वाढताना गर्भाशयाच्या पोकळीकडे सरकतो. दुसऱ्या प्रकारात तो व्रणात खोल शिरतो आणि मूत्राशयाच्या व पोटाच्या दिशेने वाढतो. शस्त्रक्रिया निवडताना हा भेद फार महत्त्वाचा ठरतो.

एकच सिझेरियन झाले असेल तर धोका नाही, असा काहींचा समज असतो. तो बरोबर नाही. नोंदवलेल्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्या स्त्रियांचे आधी एकच सिझेरियन झालेले होते.

लक्षणे फसवी, निदान सोनोग्राफीवर

या गर्भधारणेची खास अशी लक्षणे नाहीत. सुमारे एक तृतीयांश स्त्रियांना कोणताही त्रास जाणवत नाही. इतरांमध्ये अंगावरून थोडे रक्त जाणे, ओटीपोटात सौम्य दुखणे एवढीच तक्रार असते. लघवीच्या तपासणीत गर्भधारणा असल्याचे कळते, पण गर्भ कोठे आहे हे कळत नाही. रक्तातील बीटा एचसीजी या संप्रेरकाच्या पातळीवरूनही जागा सांगता येत नाही. त्यासाठी सोनोग्राफीला पर्याय नाही.

योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत डॉक्टर काही ठरावीक गोष्टी शोधतात. गर्भाशयाची पोकळी रिकामी आहे का, गर्भाशयमुखाचा मार्ग रिकामा आहे का, गर्भाची पिशवी पुढच्या भिंतीत नेमकी जुन्या छेदाच्या जागी आहे का, आणि ती पिशवी व मूत्राशय यांच्यामध्ये स्नायूंचा थर किती उरला आहे, हे पाहिले जाते. रंगीत डॉप्लर तपासणीत त्या जागी रक्तपुरवठा वाढलेला दिसतो. काही वेळा चित्र स्पष्ट नसते किंवा गर्भ मूत्राशयापर्यंत पोहोचल्याची शंका असते. अशा वेळी एमआरआयची मदत घेतली जाते.

ही तपासणी सहाव्या ते आठव्या आठवड्यात झाली तर निदान सर्वात अचूक होते. नंतर गर्भाची पिशवी वाढून वर पोकळीत शिरते आणि ती तेथेच रुजली असावी असा भास होतो. खाली सरकून बाहेर पडू पाहणारा सामान्य गर्भपात आणि गर्भाशयमुखात रुजलेला गर्भ यांच्याशीही गल्लत होऊ शकते. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना पूर्वीच्या सिझेरियनची कल्पना असेल, तर त्या जागेकडे त्यांचे लक्ष आवर्जून जाते. म्हणून ही माहिती रुग्णाने आपणहून द्यावी.

थांबून पाहता येईल का?

निदान झाल्यावर बहुतेक जोडप्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. गर्भाचे ठोके सुरू असतील तर हा प्रश्न अधिकच कठीण होतो. इतर अस्थानी गर्भधारणांप्रमाणे, उदाहरणार्थ बीजवाहिनीतील गर्भाप्रमाणे, येथे बाळ जगण्याची शक्यता शून्य नसते. काही स्त्रियांची गर्भधारणा शेवटच्या तिमाहीपर्यंत पोहोचली आहे आणि जिवंत बाळे जन्मालाही आली आहेत. मात्र त्यांपैकी अनेकींच्या वारेने गर्भाशयाच्या भिंतीत, कधी मूत्राशयातही मुळे धरलेली होती. बाळंतपणाच्या वेळी प्रचंड रक्तस्राव होऊन गर्भाशय काढावे लागल्याची उदाहरणे त्यांत मोठ्या संख्येने आहेत. त्याआधीच, गरोदरपणात, व्रण फाटण्याचा धोका असतो तो वेगळाच.

त्यामुळे अमेरिकेतील माता व गर्भ वैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत अशी गर्भधारणा पुढे चालू ठेवू नये, असाच सल्ला दिला आहे. पूर्ण कल्पना दिल्यानंतरही एखाद्या स्त्रीने ती चालू ठेवण्याचे ठरवले, तर तिची देखरेख सर्व सोयी असलेल्या मोठ्या रुग्णालयात व्हावी आणि चौतीस ते छत्तीस आठवड्यांच्या दरम्यान नियोजित सिझेरियन करावे, असे त्याच सूचनांत म्हटले आहे. गर्भाचे ठोके नसतील तर काही निवडक स्त्रियांत, वारंवार तपासणीच्या अटीवर, वाट पाहिली जाते. पण त्यातही अचानक रक्तस्राव सुरू होण्याची शक्यता गृहीत धरावी लागते.

औषधांचे काय? मेथोट्रेक्सेट हे इंजेक्शन बीजवाहिनीतील गर्भासाठी अनेक वर्षे वापरले जाते. व्रणातील गर्भासाठी ते केवळ स्नायूत टोचून भागत नाही, असा अनुभव आहे. व्रणाच्या तंतुमय भागात औषध पुरेसे पोहोचत नाही, परिणामाला कित्येक आठवडे लागतात आणि त्या काळात रक्तस्रावाची टांगती तलवार राहते. सोनोग्राफीच्या साह्याने ते थेट गर्भाच्या पिशवीत टोचले तर परिणाम अधिक चांगला मिळतो. काही ठिकाणी शस्त्रक्रियेच्या जोडीला ही पद्धत वापरली जाते. ब्रिटनमध्ये देशभरातील रुग्णालयांतून गोळा केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार, वाट पाहण्याच्या मार्गाला सुमारे ४३ टक्के, केवळ औषधांना ४६ टक्के, तर शस्त्रक्रियेला ९६ टक्के स्त्रियांमध्ये यश आले. रुग्णसंख्या लहान असली तरी शस्त्रक्रियेचे महत्त्व त्यातून स्पष्ट होते.

नेहमीचे क्युरेटिंग का नको?

शस्त्रक्रिया म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर ‘पिशवी साफ करणे’ येते. सामान्य गर्भपातात ते सुरक्षित असते. व्रणातील गर्भासाठी मात्र आत काय आहे ते न पाहता धारदार उपकरणाने खरवडणे हा सर्वात धोक्याचा मार्ग आहे. गर्भ खाचेत किंवा भिंतीत असल्याने उपकरण तेथपर्यंत नीट पोहोचत नाही. पोहोचलेच, तर पातळ भिंतीला भोक पडते, मूत्राशयाला इजा होते किंवा वारेचा काही भाग सुटून रक्ताचा लोंढा सुरू होतो. या विकाराचे निदान अनेकदा अशा फसलेल्या क्युरेटिंगनंतर झाले आहे.

हाच इशारा गर्भपाताच्या गोळ्यांना लागू आहे. आपल्याकडे कायद्याने या गोळ्या नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखाली, नऊ आठवड्यांपर्यंतच घ्यायच्या असतात. प्रत्यक्षात अनेक जण औषधाच्या दुकानातून त्या परस्पर आणतात. सोनोग्राफीत गर्भ गर्भाशयाच्या पोकळीत असल्याची खात्री न करता सिझेरियन झालेल्या स्त्रीने त्या घेतल्या आणि गर्भ व्रणात असला, तर घरीच अनावर रक्तस्राव सुरू होऊ शकतो. गोळ्यांनी काम झाले नाही म्हणून पुढे क्युरेटिंग केले जाते आणि धोका दुणावतो.

शस्त्रक्रियेचे मार्ग

गर्भ पूर्णपणे काढणे, रक्तस्राव आटोक्यात ठेवणे आणि शक्य असेल तेथे गर्भाशय व पुढील मातृत्वाची शक्यता जपणे, ही या शस्त्रक्रियांची तीन उद्दिष्टे आहेत. त्यासाठी पुढील पद्धती वापरल्या जातात.

*सोनोग्राफीच्या देखरेखीखाली शोषण :* यात धारदार उपकरण न वापरता गर्भाशयमुखातून बारीक नळी आत घालून निर्वात दाबाने गर्भ शोषून घेतला जातो. नळीचे टोक कोठे आहे हे डॉक्टर सोनोग्राफीच्या पडद्यावर सतत पाहत असतात. गर्भधारणा लवकरच्या आठवड्यांतील असेल, गर्भ पोकळीच्या दिशेने वाढत असेल आणि मूत्राशयाकडील भिंत बरी असेल, तर हा मार्ग उपयुक्त ठरतो. पोटावर छेद लागत नाही आणि रुग्ण लवकर घरी जाते. रक्तस्राव झालाच तर त्या जागी रबरी फुगा असलेली नळी ठेवून तो फुगवला जातो. फुग्याच्या दाबाने रक्तवाहिन्या दबतात. काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी तो काढता येतो.

या पद्धतीशी एका मराठी नावाचे जवळचे नाते आहे. मूळचे गोव्याचे आणि मुंबईत कीर्ती मिळवलेले शल्यविशारद डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी १९५५ मध्ये गर्भाशयमुखाला घालावयाच्या टाक्याची पद्धत जगापुढे मांडली. वारंवार होणारा गर्भपात टाळण्यासाठी ती जगभर वापरली गेली. लंडनमधील डॉ. दावोर जुर्कोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हाच शिरोडकर टाका व्रणातील गर्भ शोषून काढल्यानंतर रक्तस्राव थांबवण्यासाठी प्रभावी ठरत असल्याचे दाखवून दिले. टाका आवळला की गर्भाशयमुख बंद होते, आत साठणाऱ्या रक्ताचाच दाब जखमेवर पडतो आणि रक्तस्राव थांबतो.

*हिस्टेरोस्कोपी :* गर्भाशयमुखातून बारीक दुर्बीण आत नेऊन गर्भ प्रत्यक्ष पाहून काढण्याची ही पद्धत. गर्भ भिंतीपासून अलगद सोडवता येतो आणि रक्त येणाऱ्या वाहिन्या विद्युत उपकरणाने तेथल्या तेथे बंद करता येतात. पोकळीकडे वाढणाऱ्या पहिल्या प्रकारच्या गर्भासाठी ती विशेष सोयीची आहे. मात्र मूत्राशयाच्या बाजूची भिंत तीन मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर भोक पडण्याचा धोका वाढतो, म्हणून अनेक तज्ज्ञ अशा वेळी ती टाळतात. जुन्या व्रणातील खाच या पद्धतीने शिवता येत नाही, ही तिची मर्यादा.

*पोटातून दुर्बिणीची शस्त्रक्रिया, म्हणजे लॅपरोस्कोपी :* गर्भ खोल रुजलेला असेल, मूत्राशयाच्या दिशेने फुगला असेल किंवा भिंत अगदी पातळ असेल, तेव्हा हा मार्ग निवडला जातो. पूर्ण भूल देऊन पोटावर लहान छिद्रे घेतली जातात. आधीच्या सिझेरियनमुळे मूत्राशय गर्भाशयाला चिकटलेले असते. ते जपून सोडवून खाली सरकवणे हा या शस्त्रक्रियेतील नाजूक भाग होय. रक्तवाहिन्या आकुंचित करणारे औषध टोचून किंवा गर्भाशयाकडे जाणाऱ्या रोहिण्या तात्पुरत्या बंद करून रक्तस्राव मर्यादित ठेवला जातो. त्यानंतर व्रणावर छेद घेऊन गर्भ काढतात. सदोष व्रण कापून टाकून ताज्या कडा टाक्यांनी पुन्हा जोडल्या जातात. गर्भ काढणे आणि भिंत दुरुस्त करणे ही दोन्ही कामे एकाच वेळी होतात, हा या पद्धतीचा मोठा फायदा आहे. ज्या स्त्रीला पुढे मूल हवे आहे, तिच्यासाठी ती म्हणूनच विचारात घेतली जाते. अर्थात त्यासाठी दुर्बिणीतून टाके घेण्यात तरबेज असलेले शल्यविशारद हवेत.

*योनीमार्गातून छेद घेऊन :* गर्भाशयमुखाच्या पुढच्या बाजूला योनीमार्गात छेद घेऊन, मूत्राशय वर सरकवून थेट व्रणापर्यंत पोहोचता येते. गर्भ काढून भिंत तेथूनच शिवली जाते. पोटावर एकही छेद लागत नाही, खर्चिक उपकरणांची गरज कमी असते आणि व्रणाची दुरुस्तीही साधते. चीनमधील रुग्णालयांतून या पद्धतीचा मोठा अनुभव नोंदवला गेला आहे. गर्भ मोठा असेल किंवा व्रण खूप वर असेल तर मात्र जागा अपुरी पडते.

*पोट उघडून शस्त्रक्रिया :* व्रण फाटला असेल, पोटात रक्त साठले असेल, रुग्णाचा रक्तदाब घसरत असेल किंवा दुर्बिणीची सोय व अनुभव जवळ नसेल, तेव्हा पोट उघडून गर्भ काढणे आणि भिंत शिवणे हाच शहाणपणाचा मार्ग असतो. त्यात बरे होण्यास वेळ लागतो, पण अशा प्रसंगी प्राधान्य जीव वाचवण्याला द्यावे लागते.

*गर्भाशय काढणे :* इतर सर्व उपायांनी रक्तस्राव थांबत नसेल तर प्राण वाचवण्यासाठी गर्भाशय काढावे लागते. वेळेत निदान झालेल्या रुग्णांत ही वेळ क्वचित येते. ज्यांना पुढे मूल नको आहे आणि गर्भधारणा पुढच्या आठवड्यांत गेलेली आहे, अशा काही स्त्रियांसोबत या पर्यायाची चर्चा आधीच केली जाते.

*रोहिणीबंधनाची जोड :* मांडीच्या किंवा मनगटाच्या रोहिणीतून बारीक नळी नेऊन गर्भाशयाच्या रोहिण्या सूक्ष्म कणांनी बंद करण्याच्या तंत्राला एम्बोलायझेशन म्हणतात. रक्तपुरवठा कमी झाल्यावर गर्भ काढणे अधिक सुरक्षित होते. मोठा रक्तस्राव अपेक्षित असेल तर त्याचा चांगला उपयोग होतो. मात्र ही सोय मोजक्याच रुग्णालयांत असते. खर्चही बराच येतो आणि पुढील मातृत्वावर काही प्रमाणात परिणाम होण्याची शंका घेतली जाते. सरसकट सर्वांसाठी त्याची गरज नाही.

निवड कशी होते?

इतके पर्याय पाहून यांतील सर्वोत्तम कोणता, असा प्रश्न साहजिकच पडतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ५२ अभ्यासांतील दोन हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली. त्यात योनीमार्गातून गर्भ काढणे, लॅपरोस्कोपी, हिस्टेरोस्कोपी आणि एम्बोलायझेशननंतर क्युरेटिंग किंवा त्यासोबत हिस्टेरोस्कोपी, अशा पाच मार्गांची शिफारस करण्यात आली. सर्वांना लागू पडेल असा एकच मार्ग मात्र त्यातूनही निघाला नाही.

प्रत्यक्षात निर्णय काही गोष्टींच्या उत्तरांवर ठरतो. किती आठवडे झाले आहेत? गर्भ पोकळीकडे वाढतो आहे की मूत्राशयाकडे? मधली भिंत किती मिलिमीटर उरली आहे? ठोके आहेत का? रक्तस्राव सुरू आहे का? पुढे मूल हवे आहे का? त्या रुग्णालयात कोणत्या पद्धतीचा अनुभव आहे? लवकरच्या आठवड्यांत, पोकळीकडे वाढणाऱ्या आणि पुरेशी भिंत असलेल्या गर्भासाठी शोषण किंवा हिस्टेरोस्कोपी पुरेशी ठरते. पातळ भिंत आणि मूत्राशयाकडे झुकलेला गर्भ असेल तर लॅपरोस्कोपी किंवा योनीमार्गातील छेदाकडे कल असतो. आठवडे जितके अधिक, तितके पर्याय कमी आणि धोका जास्त, हे सूत्र सर्वच पद्धतींना लागू आहे.

रुग्णाची प्रकृती स्थिर असेल, तर लहान रुग्णालयात घाईने काही करण्यापेक्षा जवळच्या मोठ्या केंद्रात जाणे हिताचे ठरते. रक्तपेढी, चोवीस तास भूलतज्ज्ञ, अतिदक्षता विभाग आणि अनुभवी स्त्रीरोग शल्यविशारद यांची उपलब्धता येथे यंत्रांइतकीच महत्त्वाची आहे.

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी

या शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रात ‘गरज पडल्यास गर्भाशय काढण्यास संमती’ असा उल्लेख असतो. तो वाचून कुटुंबीय घाबरतात, कधी डॉक्टरांवर संशयही घेतात. ऐन शस्त्रक्रियेत रक्तस्राव अनावर झाला तर विचारायला वेळ नसतो, म्हणून ही संमती आधी घेतली जाते. हा प्रसंग कोणत्या परिस्थितीत येऊ शकतो, आधी कोणते उपाय केले जातील, रक्ताची तयारी किती आहे, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. गर्भपातविषयक कायद्यानुसार प्रौढ स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते, पतीची किंवा सासरच्यांची सही कायद्याने बंधनकारक नाही, हेही लक्षात ठेवावे. रुग्णाचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनबाबत विचारणा करावी.

मूल हवे असलेल्या जोडप्यासाठी हा केवळ शस्त्रक्रियेचा प्रश्न नसतो. ठोके दिसत असलेला गर्भ काढण्याचा निर्णय घेणे फार जड जाते. आपल्याकडे अशा दुःखाला ‘होते असे कधी कधी’ म्हणून झटकून टाकण्याची सवय आहे. त्या स्त्रीला दोष न देता, तिला सावरायला वेळ देणे हे कुटुंबाचे काम आहे. गरज वाटल्यास समुपदेशकाची मदत घ्यावी.

शस्त्रक्रियेनंतर

गर्भ पूर्णपणे निघाला की नाही याची खात्री बीटा एचसीजीच्या तपासणीतून होते. ही पातळी शून्याच्या जवळ येईपर्यंत ठरावीक अंतराने रक्त तपासावे लागते. मध्येच तपासणी सोडून देणे योग्य नव्हे, कारण मागे राहिलेले अवशेष काही आठवड्यांनीही रक्तस्राव घडवू शकतात. अंगावरून जास्त रक्त जाणे, ताप, ओटीपोटात तीव्र वेदना, चक्कर यांपैकी काहीही झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

पुढच्या गर्भधारणेची घाई करू नये. जखम भरून येण्यासाठी किती काळ थांबायचे हे शस्त्रक्रियेच्या प्रकारावर अवलंबून असते. मेथोट्रेक्सेट दिले असेल तर किमान तीन महिने गर्भधारणा टाळावी लागते. भिंत दुरुस्त केली असेल तर बहुतेक डॉक्टर त्याहून अधिक काळ थांबण्यास सांगतात. या काळात खात्रीचे गर्भनिरोधक वापरावे. त्यानंतर अनेक स्त्रियांची गर्भधारणा सुखरूप पार पडते. मात्र गर्भ पुन्हा व्रणात रुजण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते. म्हणून पुढच्या वेळी पाळी चुकताच लवकर सोनोग्राफी करणे अत्यावश्यक ठरते.

व्रणात खाच राहू नये म्हणून सिझेरियनचा छेद एका थरात शिवावा की दोन, यावर बरेच संशोधन झाले. नेदरलँडमध्ये झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दोन थरांच्या टाक्यांचा विशेष फायदा दिसून आला नाही. त्यामुळे टाक्यांच्या पद्धतीत बदल करून हा विकार टळेल, असे सध्या तरी म्हणता येत नाही. अनावश्यक सिझेरियन टाळणे हाच त्याला आळा घालण्याचा खात्रीचा उपाय आहे. मुहूर्त साधण्यासाठी किंवा केवळ कळांच्या भीतीपोटी सिझेरियनचा आग्रह धरणाऱ्यांनी याचा विचार अवश्य करावा.

सिझेरियन झालेल्या स्त्रियांनी काय लक्षात ठेवावे?

पाळी चुकल्यावर आणि गर्भधारणेची तपासणी होकारार्थी आल्यावर सहाव्या ते आठव्या आठवड्यात सोनोग्राफी करून घ्यावी. मूल हवे असो वा नको, ही तपासणी टाळू नये. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना आधीचे सिझेरियन, त्याची तारीख आणि त्या वेळी काही गुंतागुंत झाली असल्यास ती सांगावी. गर्भ जुन्या व्रणापासून किती दूर आहे, हे स्पष्टपणे विचारावे. सोनोग्राफीविना गर्भपाताच्या गोळ्या घेऊ नयेत. आधीच्या शस्त्रक्रियेचे कागद जपून ठेवावेत. अंगावरून थोडे जरी रक्त गेले तरी ‘पाळीच आली असेल’ असे मानून स्वस्थ बसू नये. लवकर झालेल्या एका साध्या तपासणीमुळे अनेक पर्याय खुले राहतात आणि त्यांतून आपल्या प्रकृतीला व पुढील आयुष्याच्या नियोजनाला योग्य असा पर्याय डॉक्टरांच्या सल्ल्याने शांतपणे निवडता येतो.